बेंचरेस्ट रिमफायर आणि एअरगन सामने, सोलापूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या क्लबाच्या सामन्याची सूचना लागली की विचारणा सुरू होते. कुणाला परवान्याची शंका असते, कुणाला मुलाच्या वयाची, तर कुणाच्या घरी आजोबांच्या काळची एअरगन पडून असते आणि ती चालेल का हे हवे असते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बाकी काही वाचले नाही तरी चालेल, पण पहिल्यांदा येणाऱ्याने सुरक्षेचा आणि वाऱ्याचा भाग वाचूनच यावे.

बेंचरेस्ट म्हणजे नक्की काय?

पक्क्या, न हलणाऱ्या टेबलाशी स्टुलावर बसून केलेली नेमबाजी. रायफलचा पुढचा भाग एका जड रेस्टवर (टेकूवर) टेकतो आणि दस्त्याचे मागचे टोक वाळूच्या पिशवीवर. रायफल हातात तोलायची नसते. रेस्टच्या दांडीने किंवा स्क्रूने नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायचा, मागची पिशवी हलकी दाबून शेवटचा केसभर फरक काढायचा आणि ट्रिगर दाबायचा.

आमच्याकडे एअरगनचे सामने २५ मीटरवर आणि रिमफायरचे ५० मीटरवर होतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांतही हीच अंतरे चालतात. या खेळाची जागतिक संघटना, वर्ल्ड रिमफायर अँड एअर रायफल बेंचरेस्ट फेडरेशन, याच अंतरांवर स्पर्धा घेते.

रायफल टेकवूनच मारायची, मग त्यात कौशल्य कसले?

हा प्रश्न उभ्याने १० मीटर एअर रायफल मारणारी मुले हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

उभ्या नेमबाजीत शरीराचा डोल हा सगळ्यात मोठा अडथळा असतो. बेंचरेस्टमध्ये तो जवळजवळ निघून जातो. पण त्यामुळे खेळ सोपा होत नाही, त्याची फूटपट्टी बारीक होते. उभ्याने मारताना दोन-तीन मिलिमीटरची चूक शरीराच्या हालचालीत कुठल्या कुठे हरवून जाते. इथे ती तशीच कार्डावर, म्हणजे लक्ष्याच्या कागदावर, उमटते. वारा किती होता, काडतूस कसे होते, खांदा दस्त्याला लागला की नाही, गाल प्रत्येक वेळी तितकाच टेकला की नाही, याचा सगळा हिशेब कागदावर येतो. पंचवीस गोळ्यांतली एक घाईने सुटली की अख्खा सामना हातचा जातो.

बेंचवर बसलेल्या माणसाचे खरे काम गोळी न मारण्याचे आहे, असे आम्ही नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतो. नेम लागलेला असतो, ट्रिगरवर बोट असते, आणि तेवढ्यात वारा दाखवणाऱ्या झेंडीची शेपटी खाली पडते. त्या क्षणी बोट काढून घेता आले पाहिजे. हे ज्याला जमले त्याचे गुण आपोआप वाढतात. रायफल तीच असली तरी.

रिमफायर म्हणजे काय?

ज्या काडतुसात पेटणारी दारू बुडाच्या कडेत भरलेली असते ते रिमफायर. फायरिंग पिन मधोमध न आपटता कडेवर आपटते. आमच्या सामन्यांत .२२ लाँग रायफल हे एकच काडतूस चालते. गोळीचे वजन साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. सामन्याच्या दर्जाची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवलेली असतात. ही काडतुसे घरी पुन्हा भरता येत नाहीत, कारखान्याने दिले तेच मारायचे. त्यामुळे मोठ्या काडतुसांच्या बेंचरेस्टमध्ये दारू तोलण्यात जाणारा वेळ इथे वारा पाहण्यात जातो.

सामना कसा चालतो?

प्रत्येकाला एक कार्ड मिळते. त्यावर पाच ओळींत पाच-पाच असे २५ ठिपके छापलेले असतात आणि कडेला चाचणीचे ठिपके. चाचणीच्या ठिपक्यांना आम्ही साइटर म्हणतो. साइटरवर कितीही गोळ्या मारा, कधीही मारा. गुणांच्या २५ ठिपक्यांवर मात्र प्रत्येकी एकच. प्रत्येक ठिपक्याचे जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे कार्ड २५० चे. दहाच्या वर्तुळाच्या मध्यभागी बारीकसा एक्स असतो. समान गुण झाले की एक्स मोजतात.

वेळ अर्धा तास. नवख्याला हा फार वाटतो आणि तो दहा मिनिटांत कार्ड संपवून बसतो. मुरलेला खेळाडू सुरुवातीची पाच-सात मिनिटे नुसता साइटरवर असतो. झेंडी अमुक कोनात असताना गोळी कुठे पडते हे त्याला आधी पाहायचे असते. मग तोच वारा परत आला की चार-पाच ठिपके झपाट्याने मारून तो पुन्हा थांबतो.

एका ठिपक्यावर चुकून दोन गोळ्या पडल्या तर कमी गुणाची धरली जाते आणि वर एक गुण वजा होतो. शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी गेली तर लगेच हात वर करून पंचांना सांगा. नंतर कळले तर वाद होतो, आधी सांगितले तर नोंद होते.

गुण कसे मोजतात? रेघेवरच्या गोळीचे काय?

छिद्राने वरच्या वर्तुळाच्या रेघेला स्पर्श केला तर वरचा गुण. वाद असेल तर डोळ्यांवर सोडत नाही. गोळी गेल्यावर कागदाचे तंतू आत मिटतात आणि छिद्र गोळीपेक्षा लहान दिसते. म्हणून ठरलेल्या मापाचा प्लग छिद्रात हलकेच, सरळ उभा बसवतात आणि भिंगातून त्याची कड रेघेला लागते का ते पाहतात. प्लग एकदाच बसवायचा. दुसऱ्यांदा घातला की छिद्र मोठे होते आणि निकालाला अर्थ उरत नाही. त्यामुळे खेळाडूने कार्डाला बोट लावायचे नाही. आक्षेप असेल तर निकाल फलकावर लागल्यापासून पंधरा मिनिटांत सांगावा. त्या कार्डाची तपासणी दुसरा पंच करतो.

वारा इतका महत्त्वाचा का? .२२ ची गोळी तर वेगात जाते.

५० मीटर जायला .२२ च्या गोळीला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्यात ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा तिला दीडेक सेंटीमीटर बाजूला नेतो. दहाच्या वर्तुळातून बाहेर पडायला याहून कितीतरी कमी पुरते. एअरगनचा छर्रा हलका आणि आखूड. निम्म्या अंतरावरही तो जवळपास तितकाच सरकतो. ताशी दहा किलोमीटरचा वारा म्हणजे वादळ नव्हे. झाडाची पाने हलतात, गालाला जाणवतो, एवढाच.

म्हणून टेबल आणि कार्ड यांच्यामध्ये झेंड्या लावतात. प्रत्येकीला दिशा दाखवणारे पाते आणि जोर दाखवणारी रिबिनीची शेपटी. सगळ्यांत जास्त लक्ष जवळच्या झेंडीवर हवे. नळीतून सुटल्यावर लगेच गोळीला जो कल मिळतो तो पुढच्या सगळ्या अंतरात वाढत जातो. कार्डाजवळच्या वाऱ्याला तेवढा वावच उरत नाही. नवे लोक कार्डाशेजारची झेंडी स्कोपमधून दिसते म्हणून तीच पाहत बसतात.

दुसरी गोष्ट, गोळी नुसती आडवी जात नाही. बहुतेक रायफलींच्या नळीतले आटे उजवीकडे फिरणारे असतात. अशा नळीतून सुटलेली गोळी उजवीकडून वारा आला तर डावीकडे जाते आणि थोडी वर चढते. डावीकडून आला तर उजवीकडे जाते आणि थोडी खाली बसते. घड्याळाच्या तबकडीवर दहापासून चारपर्यंत रेघ ओढा, गोळ्या त्या तिरक्या रेघेवर पसरतात. आमची रेंज उत्तरेकडे तोंड करून आहे. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा डाव्या हाताने येतो, तेव्हा गोळ्या चारच्या बाजूला घसरतात. थंडीत पूर्वेची झुळूक उजवीकडून येते, तेव्हा दहाच्या बाजूला. जूनमध्ये झीरो केलेली, म्हणजे स्कोपचा नेम जुळवलेली रायफल डिसेंबरात "बिघडली" म्हणून जे स्कोपचे स्क्रू फिरवू लागतात, त्यांनी आधी झेंडीकडे बघावे.

खळ्यावर ज्वारी उफणणारा माणूस सूप उचलून वाऱ्याची वाट पाहतो, वारा पडला की हात खाली घेतो. आपल्या जिल्ह्यात हे पाहिलेले लोक घराघरात आहेत. बेंचवर नेमकी तीच सवय लागते.

सोलापूरच्या उन्हात सामने होतात तरी कसे?

सकाळी लवकर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा पहिला डाव साडेसहाला सुरू करून नऊच्या आत आवरतो. ऊन चढले की जमीन तापते, वारा सुटतो आणि स्कोपमध्ये कार्डाच्या कडा थरथरू लागतात. यालाच मिराज म्हणतात. तो टाळता येत नाही, पण वाचता येतो. लाटा ज्या बाजूला वाहताना दिसतात त्या बाजूला वारा चालला आहे. त्या सरळ वर उठू लागल्या तर वारा एक तर पडला आहे किंवा समोरून वा पाठीमागून येतो आहे. अशा वेळी गोळी मारू नका, कारण पुढच्याच क्षणी तो कुठल्या बाजूला वळेल हे सांगता येत नाही. स्कोपची ताकद ४० वरून २४ पर्यंत खाली आणली तर थरथर कमी दिसते.

काडतुसांचा डबा सावलीत, झाकून ठेवा. तापलेली दारू जोरात जळते आणि वेग वाढतो. ५० मीटरवर वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर गोळी साताठ मिलिमीटर वर-खाली होते. टेबलाच्या उन्हातल्या कोपऱ्यात डबा ठेवून "आज रायफल वर मारतेय" म्हणणारे आम्हाला दर उन्हाळ्यात भेटतात. पीसीपी, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या एअरगनचेही तसेच. गाडीच्या डिकीत तापलेल्या सिलिंडरमध्ये दाब चढतो. आल्यावर बंदूक अर्धा तास सावलीत राहू द्या, मग दाब बघा.

आमचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. गड्ड्याच्या दिवसांत सामना ठेवत नाही. निम्मे सभासद सिद्धेश्वराच्या यात्रेत असतात आणि त्या गर्दीतून शस्त्र घेऊन प्रवास करायला आम्ही कुणालाही सांगणार नाही.

एअरगनला परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे दोन्ही अटी पाळणाऱ्या एअरगनला परवाना लागत नाही : नळीचा व्यास .१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटर, याहून जास्त नको आणि ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नको. यातली एक जरी ओलांडली तरी परवाना हवा. .२२ म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअरगन "हवेचीच तर आहे" म्हणून विनापरवाना बाळगणे बेकायदा आहे. आमच्या एअरगन सामन्यात म्हणूनच .१७७ एवढेच कॅलिबर चालते.

२० जूल म्हणजे किती? ८.४४ ग्रेनचा नेहमीचा गोल डोक्याचा छर्रा सेकंदाला २७० मीटर वेगाने सुटला की तेवढी ऊर्जा होते. नोंदणीच्या टेबलावर वेग मोजणारा क्रोनोग्राफ असतो. शंका आली तर तुमच्याच छर्ऱ्यांनी मोजून पाहतो. मर्यादेच्या वर आलेली बंदूक सामन्यात उतरत नाही, मग मालक कोणीही असो.

आणि .२२ रायफलला?

लागतो. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली रीतसर परवाना. सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. त्याहून लहान असणाऱ्यांना प्रशिक्षणादरम्यान, ठरवून दिलेल्या अटींत शस्त्र वापरण्याची सोय त्याच कायद्यात आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. सरकारमान्य रायफल क्लबाचा सभासद निशाणेबाजीच्या सरावासाठी .२२ किंवा एअर रायफल वापरत असेल तर संख्येची ही मर्यादा त्याला लागू होत नाही, असे कलम ३ मध्येच आहे. कागदपत्रांच्या बाबतीत ऐकीव सल्ल्यावर जाऊ नका. अर्ज भरण्याआधी क्लबाच्या सचिवांना एकदा दाखवा.

सामन्याला येताना मूळ परवाना सोबत हवा, झेरॉक्स चालत नाही. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, पेटीत बंद. काडतुसे वेगळ्या डब्यात. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात, त्या काळात आम्ही फक्त एअरगनचे सामने घेतो.

माझ्याकडे रायफल नाही. तरी भाग घेता येईल का?

जरूर. आमचा आग्रहच असतो की पहिले दोन-तीन सामने क्लबाच्या एअरगनवर खेळा. नोंदणीत तसे कळवा, म्हणजे वेळ वाटून देता येते. छर्रे आणि कार्डाचे पैसे प्रवेश शुल्कातच येतात. क्लबाची .२२ मात्र सभासदांनाच, प्रशिक्षकाच्या उपस्थितीत आणि रेंजवरच मिळते.

एअरगन घ्यायची आहे. स्प्रिंगची की पीसीपी?

स्प्रिंगची बंदूक स्वस्त, टिकाऊ, पंप-सिलिंडरची कटकट नाही. पण बेंचवर ती अवघड असते आणि विकत घेण्याआधी हे कुणी सांगत नाही. ट्रिगर दाबल्यावर आतला जड पिस्टन पुढे झेपावतो, शेवटी हवेच्या उशीवर आदळून थबकतो, आणि छर्रा नळीत असतानाच बंदूक मागे-पुढे हलते. तिला कडक पिशवीवर दाबून धरली की प्रत्येक शॉटला ती वेगळीच उसळते. उपाय असा की पुढचा हात पिशवीवर उताणा ठेवा, बंदूक त्या तळव्यावर सैल टेकवा, दर वेळी त्याच जागी, आणि तिला हवी तशी हलू द्या. स्प्रिंगवर चांगला ग्रुप (एका जागी पडलेल्या छर्ऱ्यांचा पुंजका) काढणाऱ्याला आमच्याकडे मान आहे. तिचा वर्ग वेगळा ठेवला आहे, पीसीपीशी तुलना होत नाही.

पीसीपीमध्ये सिलिंडरात दाबून भरलेली हवा असते, बहुतेक मॉडेलांत २०० बारच्या आसपास. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे रेस्टवर ती शांत बसते. दाब सारखा राखणारा रेग्युलेटर असलेली घेतलीत तर पहिल्या आणि तिसाव्या शॉटच्या वेगात फरक कमी राहतो. बेंचरेस्टसाठीच घ्यायची असेल तर आमचा कौल पीसीपीला. भरायची ती फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही जोडू नका आणि व्हॉल्व्हला घरातले तेल लावू नका. दाबाखाली तेल पेटते आणि माणूस जिवानिशी जाऊ शकतो.

आजोबांची जुनी एअरगन? आणा. आधी आमचे आर्मरर, म्हणजे शस्त्र-दुरुस्ती करणारे, तपासतील. वॉशर आणि स्प्रिंग गेलेली असते, पण नळी बहुधा चांगली निघते.

वजनाची मर्यादा आहे का?

आंतरराष्ट्रीय सामन्यांत लाइट व्हार्मिंट या वर्गाला साडेदहा पौंड आणि हेवी व्हार्मिंट या वर्गाला १५ पौंड, स्कोपसकट. आमच्या क्लबात पीसीपी आणि रिमफायरचे असे वर्ग अजून पाडलेले नाहीत. खेळाडू वाढले की पाडू. १५ पौंडांच्या, म्हणजे ६.८ किलोच्या वर मात्र कुणालाच नाही.

स्कोप किती ताकदीचा हवा?

सुरुवातीला २४ पट भरपूर झाला. ताकदीपेक्षा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधला क्रॉस लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणे) जुळवता येतो का ते पाहा, आणि एअरगनसाठी तो २५ मीटरपर्यंत खाली येतो का तेही. तपासायची पद्धत सोपी : रायफल रेस्टवर स्थिर ठेवा, हात न लावता डोळा डावी-उजवीकडे हलवा. क्रॉस ठिपक्यावरून सरकताना दिसला तर जुळणी व्हायची आहे.

कोणते छर्रे, कोणती काडतुसे?

जी तुमच्या नळीला आवडतात ती. हे टाळाटाळीचे उत्तर नाही. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये (एका वेळी बनलेल्या मालात) इतका फरक निघतो की एका रायफलीत एक लॉट चमकतो आणि दुसरा पसरतो. म्हणून जगभरातले खेळाडू लॉट तपासून मगच पेट्या घेतात. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा. वारा नसलेल्या सकाळी पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप मारा, मग ठरवा. एका सुंदर ग्रुपवरून निर्णय घेऊ नका, तो नशिबानेही येतो.

एअरगनला २५ मीटरवर गोल डोक्याचे छर्रे वापरा. १० मीटरसाठीचे सपाट तोंडाचे छर्रे कागदावर गोल भोक पाडतात, पण २५ मीटरवर वारा त्यांना जास्त खेचतो. चिमटलेला, मागची कड (स्कर्ट) वाकलेला छर्रा बाजूला काढा.

रेंजवरचे सुरक्षेचे नियम कोणते?

इथे सवलत कुणालाही नाही.

नळी नेहमी मातीच्या बांधाकडे. .२२ ची गोळी लहान दिसते, पण मोकळ्यावर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बांधाच्या वर गेलेली गोळी कुणाच्या तरी शेतात उतरते. म्हणून टेबलावर बसण्याआधी, पेटीतून काढताना, सगळ्या वेळी नळीची दिशा पाळायची. रायफल पेटीतून बाहेर येईल ती पंचांनी सांगितल्यावर आणि टेबलावरच. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागी) सेफ्टी फ्लॅग. आम्ही नळीच्या पूर्ण लांबीतून जाणारी केशरी दोरी वापरतो, म्हणजे आत काही नाही हे दुरूनही दिसते.

"लोड" म्हटल्यावरच गोळी भरायची, "स्टार्ट" म्हटल्यावर पहिला शॉट. "स्टॉप" ऐकू आले की ट्रिगरवरून बोट बाहेर, अर्धवट दाबलेला असला तरी. स्टॉप म्हणण्याचा अधिकार पंचांइतकाच प्रेक्षकालाही आहे. कुत्रे, शेळी, माणूस, काहीही पुढे दिसले तर ओरडा. उगाच ओरडलात म्हणून कुणी रागावणार नाही. लोक कार्ड बदलायला पुढे गेले असताना टेबलाला कुणीही शिवायचे नाही. स्कोप पुसायलाही नाही.

आणि .२२ चे काडतूस पेटले नाही तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी बांधाकडे धरून अर्धा मिनिट थांबा, हात वर करा, पंच येतील.

चष्मा सगळ्यांना सक्तीचा, एअरगनलाही. कानाला मफ किंवा प्लग रिमफायरच्या डावात.

खाणे-पिणे?

टेबलावर नाही. छर्रे आणि गोळ्या शिशाच्या असतात आणि शिसे बोटांवरून तोंडात जाते. आधी साबणाने हात, मग शेंगाचटणी आणि भाकरी. लहान मुलांच्या बाबतीत तर फारच कटाक्षाने. छर्रे ओठांत धरायची सवय असेल तर ती आजच सोडा.

किती वर्षांच्या मुलांना घेता?

एअरगनला १२ पूर्ण, पालकांची लेखी संमती आणि पहिल्या दिवशी पालक स्वतः हजर. रिमफायरला आमच्या क्लबाचा नियम १६ पूर्ण आणि शेजारी प्रशिक्षक.

गुडघे दुखतात, वय झाले आहे, हात कापतो. जमेल?

हा खेळ तुमचाच आहे. खाली वाकायचे नाही, रायफल पेलायची नाही, ताटकळत उभे राहायचे नाही. निवृत्त शिक्षक, यंत्रमागावर आयुष्य काढलेले कारागीर, सूतगिरणीतल्या पाळ्या केलेल्या बायका या टेबलांवर बसतात आणि विशीतल्या मुलांना हरवतात. ज्याने तासन्‌तास धागा तुटतोय का यावर नजर ठेवली, त्याला अर्धा तास झेंडी पाहणे जड जात नाही. दोन टेबले व्हीलचेअर आत जाईल अशी ठेवली आहेत. नजर कमी असेल तर स्कोपचे आयपीस तुमच्या डोळ्याला जुळवून देतो.

स्त्री-पुरुष असे वेगळे गट नाहीत. गरजच पडलेली नाही.

आमच्या रेंजवर मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळे ऐकू येते. आज्ञा मात्र सगळ्यांसाठी एकच, वर लिहिलेल्या.

गच्चीवर सराव केला तर?

नको. छर्रा भिंतीवरून उलटून येतो, पत्र्यावरून घसरून शेजारच्या अंगणात जातो. आपल्या पेठांमधली घरे एकमेकांना खेटून आहेत. घरी ट्रिगर दाबायचा सराव हवा असेल तर रिकाम्या बंदुकीवर कसा करायचा ते शिकवू. प्रत्येक बंदुकीला तो चालत नाही. रिमफायरमध्ये पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड खराब होते आणि स्प्रिंगची बंदूक छर्ऱ्याविना सोडली तर पिस्टनला मार बसतो.

शेतातली पाखरे, ससे मारायला एअरगन वापरता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकार गुन्हा आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे आणि माळावरचे पक्षी किती उरलेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. असा प्रकार कळला तर सभासदत्व त्याच दिवशी रद्द होते. या एका बाबतीत समितीने आजवर कुणाची रदबदली ऐकलेली नाही, पुढेही ऐकणार नाही.

यातून ऑलिम्पिकला जाता येईल का?

बेंचरेस्ट ऑलिम्पिकमध्ये नाही. तो रस्ता १० मीटर आणि ५० मीटरच्या प्रकारांतून जातो आणि मुलाला ती ओढ असेल तर आम्हीच त्याला तिकडे पाठवतो. महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकरांच्या पुढाकाराने. त्यांच्याच नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीवर जाण्याची पायरी आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथे झोपून मारण्याच्या प्रकारात) विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे (तीन आसनांतल्या प्रकाराचे) कांस्य आणले. दोघांच्याही हातात होते ते .२२ चेच काडतूस, आणि वारा त्यांनाही वाचावा लागला. बेंचवर ती विद्या लवकर शिकता येते, कारण चूक शरीराची की वाऱ्याची हा गोंधळ उरत नाही.

रायफल किती वेळा साफ करायची?

रिमफायर दर सामन्यानंतर, पण बेताने. चेंबरच्या पुढे काजळीचे कडे जमते, ते काढणे महत्त्वाचे. रॉड मागून पुढे, गाइड लावून. तोंडाकडून घातलेला रॉड नळीचे तोंड झिजवतो. साफ नळीत गोळीवरचे मेण पुन्हा बसेपर्यंत पाच-दहा गोळ्या इकडे-तिकडे जातात, त्या साइटरवर मारा. एअरगनची नळी ग्रुप पसरू लागला तरच साफ करा. दारूच नसते, त्यामुळे काजळीचा प्रश्न नाही. कडक सॉल्व्हंट नको, आतल्या रबरी सील खराब होतात.

रेंजचा पत्ता सूचनेत का दिलेला नाही?

जिथे शस्त्रे एकत्र येतात ती जागा जाहीर करणे आम्हाला योग्य वाटत नाही. नोंदणी पक्की झाली की कळवतो. प्रेक्षकांनीही आधी नावे द्यावीत.

पहिल्यांदा येताना काय आणू?

ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, बंद बूट, टोपी, पाण्याची मोठी बाटली. एअरगन स्वतःची असेल तर पेटीत बंद करून, खरेदीच्या पावतीसह. एक वही आणि पेन्सिल. वहीत प्रत्येक साइटरच्या वेळी झेंडीची दिशा आणि गोळी कुठे पडली ते काढून ठेवा. फोन गाडीत ठेवावा लागेल. आणि अर्धा तास आधी पोहोचा. दुसऱ्याचा डाव मागच्या बाकावर बसून, झेंड्यांकडे पाहत, त्याने कधी मारले आणि कधी थांबला हे टिपता येते. नाव पुकारले की सात नंबरच्या टेबलाशेजारी नोंदणीवाल्याला भेटा, तो चष्मा आणि कार्ड देईल.